अल्बर्ट पुहोल्स : फर्स्ट बेसवरची कारकीर्द आणि त्या जागेचं खरं काम

तिसरा_पंच (धागाकर्ता)

बेसबॉलपटू अल्बर्ट पुहोल्सचं नाव निघालं की ७०३ होमरन (थेट मैदानाबाहेर मारलेले फटके) हा आकडा येतो आणि चर्चा तिथेच आटोपते. हा माणूस २००१ ते २०२२ असे २२ हंगाम खेळला आणि त्यातला मोठा भाग फर्स्ट बेसवर (फलंदाज टोला मारून धावत गाठतो तो पहिला थांबा) उभा होता. त्या जागेबद्दल मात्र मराठीत कोणी काही लिहीत नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडक्यात वाटचाल. जन्म १६ जानेवारी १९८०, सांतो दोमिंगो. कुटुंब अमेरिकेत आलं, आधी न्यूयॉर्क आणि मग मिझुरीतलं इंडिपेंडन्स. कॅन्सस सिटीजवळच्या मेपल वुड्स कम्युनिटी कॉलेजात एकच हंगाम खेळला, तोही शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा). १९९९ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) तेराव्या फेरीत नंबर लागला, एकूण ४०२ वा. बॅट सगळ्यांना दिसत होती, पण एवढ्या जड बांध्याच्या पोराला मैदानात उभं कुठे करायचं हे कोणालाच ठरवता येत नव्हतं.

२००० मध्ये पिओरियाला थर्ड बेसवर खेळून तो मिडवेस्ट या कनिष्ठ लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००१ ला थेट सेंट लुइस कार्डिनल्सच्या मुख्य संघात. त्या एका हंगामात थर्ड बेस, लेफ्ट फील्ड, राइट फील्ड आणि फर्स्ट बेस अशा चार जागी त्याला फिरवलं. फलंदाजीची सरासरी (दर प्रयत्नामागे यशस्वी फटके) .३२९, होमरन ३७, आरबीआय १३० (आरबीआय म्हणजे याच्या फटक्यावर पूर्ण झालेल्या धावा). एकमताने नॅशनल लीगचा (दोन मुख्य लीगपैकी एक, दुसरी अमेरिकन लीग) सर्वोत्तम नवोदित.

फर्स्ट बेसवर तेव्हा मार्क मॅग्वायर होता. तो २००१ नंतर निवृत्त झाला, तर पुढची दोन वर्षं टिनो मार्टिनेझ आला. त्यामुळे पुहोल्स बराचसा लेफ्ट फील्डला. २००३ च्या सुरुवातीला त्याच्या उजव्या कोपरातला, फेकीचा ताण झेलणारा अस्थिबंध दुखावला. फेकताच येईना. बॅट चालत होती आणि त्या वर्षी .३५९ च्या सरासरीने त्याने लीगचं फलंदाजीचं विजेतेपदही घेतलं, पण लेफ्ट फील्डमधून होमकडे (फलंदाज उभा असतो तिथे) अडीचशे फुटांची फेक त्या कोपराला झेपणारी नव्हती. फर्स्ट बेसमनला ९० फुटांपेक्षा लांब फेकायची वेळ क्वचित येते. हंगाम संपल्यावर मार्टिनेझला टँपा बे संघाला दिलं आणि २००४ पासून फर्स्ट बेस पुहोल्सचा झाला.

बेसबॉलमध्ये फर्स्ट बेसला अडगळीची खोली समजतात. ज्याची फेक गेली, पाय गेले, पण बॅट शाबूत आहे, त्याला तिथे ठेवायचं. पुहोल्सही असाच तिथे गेला आणि मग त्या खोलीचं त्याने काय केलं ते बघण्यासारखं आहे. जाणकारांनी भर घालावी.

---

गुळपोळी

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. एक बाळबोध शंका. हा फर्स्ट बेसमन म्हणजे आपल्या पहिल्या स्लिपसारखा का? उभं राहायचं आणि आलेला चेंडू पकडायचा, एवढंच दिसतं टीव्हीवर.

---

चौकोनी_चेंडू

स्लिप नाही. धावबादच्या वेळी स्टंपांजवळ उभं राहून थ्रो घेणारा यष्टिरक्षक डोळ्यांसमोर आणा. फरक दोन. फर्स्ट बेसला बेल्स पाडायच्या नसतात, चेंडू हातात आणि पाय बेसला असला की फलंदाज बाद. आणि हे काम एका सामन्यात दहा-बारा वेळा करावं लागतं.

उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी (पुहोल्स तसाच) क्रम असा :

ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) दुसरीकडे गेला रे गेला की चेंडूकडे बघत न बसता बेस गाठायचा. बेसच्या आतल्या कडेला दोन्ही टाचा लागतील असं, फेकणाऱ्याकडे तोंड करून, गुडघे सैल ठेवून उभं राहायचं. फेक हातातून सुटून तिची दिशा कळेपर्यंत पाय लांब करायचा नाही. दिशा कळली की उजव्या पायाचा चवडा बेसच्या कडेला टेकवायचा आणि डावा पाय चेंडूच्या दिशेने टाकायचा. मिट (चामड्याचा मोठा हातमोजा) डाव्या हातात, डाव्या पायाच्याच रेषेत.

नवखे इथेच चुकतात. टीव्हीवर लांबलचक ताण दिलेला बघून ते आधीच पाय फाकवून बसतात. मग फेक दोन फूट इकडेतिकडे आली की हलताच येत नाही. दुसरी चूक म्हणजे पाय बेसच्या माथ्यावर ठेवणं. धावणारा पूर्ण वेगात तिथेच पाऊल टाकतो, त्याच्या बुटाचे स्पाइक घोट्यावर बसतात. पाय कडेला हवा, माथ्यावर नको.

टप्पा पडून येणारी फेक ही खरी परीक्षा. क्रिकेटच्या भाषेत तीन प्रकार करता येतील. हाफ व्हॉली, म्हणजे टप्पा पडता पडता उचललेला चेंडू, ही त्यातल्या त्यात सोपी, कारण चेंडूला वर उसळायला किंवा वळायला वेळच मिळत नाही. लांब टप्प्याचीही सोपी, छातीशी येते. मधली, टप्प्यापासून तीन-चार फुटांवर गाठावी लागणारी, ती घात करते. म्हणून सगळी मेहनत मधल्या फेकीची हाफ व्हॉली करण्यात असते : पाय आणखी लांब टाकायचा आणि मिट टप्प्याजवळ न्यायची. मिट आधी जमिनीला टेकलेली हवी. खालून वर येणं जमतं, वरून खाली जायला वेळ पुरत नाही. आणि तोंड फिरवायचं नाही. तोंड फिरलं की खांदा फिरतो, खांद्यामागे मिट जाते.

फेक होमच्या बाजूला भरकटली तर बेस सोडून द्यायचा. चेंडू आधी, बेस नंतर. पकडून धावणाऱ्याला टॅग करता आलं तर उत्तमच, नाहीतर तो एका बेसवर थांबला एवढ्यावर भागवायचं. बेसला चिकटून राहण्याच्या हट्टापायी चेंडू मागच्या कुंपणाला गेला तर धावणारा आयता दुसऱ्या बेसवर.

आणि हे सगळं धावपत्रकात दिसत नाही. वाईट टप्प्याची फेक सुटली तर चूक फेकणाऱ्याच्या नावावर. उचलली तर फर्स्ट बेसमनच्या नावावर इतर कुठल्याही बादसारखाच एक बाद. चांगल्या फर्स्ट बेसमनची पावती शॉर्टस्टॉपच्या कमी चुकांमध्ये शोधावी लागते.

---

मधल्या_फळीतला

वरच्या 'लांबलचक ताणा'बद्दल थोडं गणित. थर्ड बेसवरून फर्स्टला येणारी फेक बेसजवळ पोहोचताना साधारण सेकंदाला ११५ फूट वेगाने येते असं धरा. चार फूट पुढे ताणून घेतली तर वाचले ०.०३५ सेकंद. धावणारा शेवटच्या पावलांत सेकंदाला २७ फूट जात असेल, तर तेवढ्या वेळात तो जेमतेम एक फूट जातो. सरळ, वेळेत आलेल्या फेकीला ताणायची गरजच नाही. फूटभर अंतराचा निकाल असेल तिथेच तो उपयोगी. बाकी वेळी ती कॅमेऱ्यासाठीची पोज.

---

गुळपोळी

हाफ व्हॉलीने एकदम समजलं, धन्यवाद. त्याची मिट वेगळी दिसते ती का? आणि तशी सगळ्यांनी का वापरू नये?

---

चामडी_वादी

नियमाने परवानगी फक्त कॅचर (यष्टिरक्षकासारखा) आणि फर्स्ट बेसमनला. बाकीच्यांच्या ग्लव्हला बोटं सुटी असतात, मिटला नसतात. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चारही बोटांचा एकच पंजा, मध्ये खोल जाळी.

मोठ्या लीगच्या नियमातली मापं : उंची कमाल १३ इंच, तळव्यावर रुंदी कमाल ८ इंच, अंगठा आणि पंजा यांमधली फट वरच्या बाजूला ४ इंचांहून जास्त नको. वजनाला मर्यादा नाही. दुकानात बहुतेक १२ ते १२.५ इंची मिळतात, लहान मुलांच्या ११.५ च्या आसपास.

नवी मिट फळकुटासारखी कडक असते. ती तापवून, पाण्यात भिजवून किंवा तेलात बुडवून मऊ करायचे उपाय सांगितले जातात, सगळे चामड्याचा जीव घेणारे. उष्णतेने चामडं कोरडं पडतं आणि वाद्या तडकतात, तेल जास्त झालं की मिट जड आणि ढिली होते. तेलाचा किंवा क्रीमचा अगदी पातळ हात फिरवायचा, मग अंगठ्याचा सांधा आणि करंगळीकडचा सांधा हाताने पुन्हा पुन्हा मोडायचे, आणि रोज पन्नास-शंभर झेल. चेंडू मुद्दाम जाळीच्या बुडाशी घ्यायचा. मिटची खोली तिथेच तयार व्हायला हवी, तळव्यात नको. तळव्यात खोली झालेल्या मिटमधून टप्प्याचा चेंडू उडून बाहेर पडतो. ठेवताना आत चेंडू, बाहेरून पट्टा, आणि वर काही ठेवायचं नाही. चपटी झाली की गेली.

महिन्यातून एकदा जाळीच्या वाद्या ओढून बघा. शिवणीपेक्षा वादी आधी जाते आणि नेमकी जोरदार फेकीलाच जाते.

---

रानजाई

उजव्या-डाव्याचा मुद्दा राहिला. मैदानाच्या आतल्या चौकोनात डावखुऱ्याला साजेशी अशी ही एकच जागा. लू गेरिग डावखुरा, कीथ हर्नांडेझ डावखुरा. कारण भूमितीचं आहे. फर्स्ट बेसवर होमकडे तोंड करून उभं राहिलं की दुसरा बेस उजव्या हाताला येतो. डाव्या हाताने फेकणाऱ्याचा उजवा खांदा आधीच तिकडे रोखलेला असतो. ३-६-३ दुहेरी बाद (३ म्हणजे फर्स्ट बेसमन, ६ म्हणजे शॉर्टस्टॉप) करताना त्याला चेंडू उचलून सरळ फेकता येतो. उजव्या हाताच्या माणसाला आधी अर्धी गिरकी घ्यावी लागते, मग फेक. त्यात पाव-अर्धा सेकंद जातो, आणि परत बेसवर येऊन तिसरी फेक घ्यायचीच असते.

या फेकीत अडचण धावणाऱ्याची. तो फेकीच्या वाटेवरूनच पळत असतो. त्यामुळे चेंडू रेषेच्या आतल्या बाजूला उचलला तर फेकही आतून, बेसजवळ किंवा मागे उचलला तर बाहेरून. शॉर्टस्टॉपने आधीच त्या बाजूला हात दाखवायचा. दोघांचं जुळलं नाही की चेंडू धावणाऱ्याच्या पाठीत.

धावणाऱ्याला बेसवर रोखून धरतानाही तेच. तो दहा-बारा फूट पुढे सरकतो, पिचर (चेंडू टाकणारा) अचानक फर्स्टला फेकतो, तो झेप घेत परततो. डावखुऱ्याची मिट उजव्या हातात, म्हणजे परतणाऱ्याच्याच बाजूला. पुहोल्सला डाव्या हातातली मिट अंगावरून फिरवून खाली आणावी लागे.

हर्नांडेझने १९७८ ते १९८८ सलग ११ गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) घेतले. बंट (बॅट नुसती लावून हळूच टाकलेला चेंडू) येणार असा वास आला की तो इतका पुढे धावून येई की थर्ड बेसकडे धावणाऱ्यालाच बाद करायची भाषा. हर्नांडेझला निसर्गाने डावा हात दिला होता. पुहोल्सने तेच काम उलट्या हाताने केलं, म्हणून मला त्याचं जास्त कौतुक.

---

तिसरा_पंच

रानजाई, सुरेख. त्यालाच जोडून २००९ बद्दल.

फर्स्ट बेसमन स्वतः बाद करतो ते पुटआउट, त्यात विशेष काही नाही, बाकीच्यांच्या फेकींचे असतात. दुसऱ्याकडे फेकून बाद करवतो तो असिस्ट. २००९ मध्ये पुहोल्सचे १८५ असिस्ट झाले. फर्स्ट बेसमनसाठी एका हंगामातला हा विक्रम. आधीचा बिल बकनरचा १८४, १९८५ चा.

हे कुठून येतात? बरेचसे ३-१ (१ म्हणजे पिचर) मधून. फर्स्ट बेसमन चेंडू उचलायला उजवीकडे गेला की बेस रिकामा पडतो, तो पिचरने भरायचा. पिचरने थेट बेसकडे धावायचं नाही. बेसच्या दहा-बारा फूट अलीकडे फाउल रेषेजवळ यायचं आणि मग रेषेला समांतर वर, म्हणजे धावणाऱ्याशी धडक होत नाही. फर्स्ट बेसमनने चेंडू मिटमधून काढून पिचरला दिसेल असा धरायचा, मग खालच्या हाताने, मनगट ताठ ठेवून, छातीच्या उंचीवर, पिचर बेसपासून एक पाऊल दूर असतानाच पोहोचेल असा द्यायचा. आधी चेंडू, मग बेस बघायला पिचरला एक पाऊल उरतं. उशीर झाला की त्याला दोन्ही एकदम बघावं लागतं, आणि मग एक तरी सुटतं. जवळून वरच्या हाताने जोरात फेकणं हा तर गुन्हाच.

पुहोल्स बेसपासून खूप लांब, दुसऱ्या बेसच्या बाजूला उभा राहत असे. ३-१ चांगला जमतो या भरवशावरच. शिवाय पुढच्या धावणाऱ्याला बाद करायची संधी दिसली तर तो सोपा बाद सोडून तिकडे फेकायचा. मूळचा शॉर्टस्टॉप ना.

---

डेटा_दादा

थोडा विरोध नोंदवतो. असिस्टचा आकडा फर्स्ट बेसवर फसवा असतो. त्याच बकनरचं बघा. घोटे पार खराब झालेले. बेसजवळचा ग्राउंडर स्वतः धावत जाऊन बेसला पाय लावण्याऐवजी तो पिचरला टाकत असे. बाद तोच, पण पुटआउटऐवजी असिस्ट लिहिला जातो. म्हणजे १८४ हे कौशल्याचं की दुखऱ्या घोट्यांचं?

(१९८६ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात मुकी विल्सनचा ग्राउंडर त्याच्या दोन पायांमधून गेला, तो हाच बकनर. त्या मोसमातल्या प्लेऑफमध्ये शेवटच्या इनिंगमध्ये त्याच्या जागी डेव्ह स्टेपलटनला आणायचे, त्या रात्री आणला नाही.)

पुहोल्सबाबत इतर मोजमापंही त्याच दिशेने बोट दाखवतात, त्यामुळे तो चांगला होता हे मान्य. फक्त १८५ एकटा पुरावा म्हणून नको.

---

पेठेतला_प्रेक्षक

एवढं असून गोल्ड ग्लव्ह तीनच ना? एमव्हीपीएवढेच (एमव्हीपी म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार).

---

डेटा_दादा

दुरुस्ती : दोन. २००६ आणि २०१०. एमव्हीपी तीन : २००५, २००८, २००९. गंमत म्हणजे १८५ असिस्टच्या वर्षी गोल्ड ग्लव्ह नाही.

---

चौकोनी_चेंडू

दुखापतींबद्दल लिहायला हवं, कारण 'अडगळीची खोली' सुरक्षित असते असा समज आहे.

जून २००६ : फाउल रेषेबाहेर उंच उडालेला चेंडू पकडायला धावताना कुशीचा स्नायू ताणला, कारकिर्दीत पहिल्यांदाच दुखापतग्रस्तांच्या यादीत. असे चेंडू फर्स्ट बेसमनला फसवतात. बॅटच्या फिरकीमुळे ते वर जाताना एका बाजूला आणि उतरताना उलट, मैदानाच्या बाजूला वळतात. म्हणून चेंडूकडे पाठ करून पळायचं, थोडं पलीकडे जायचं आणि तो आपल्याकडे परत येऊ द्यायचा. सरळ त्याच्याखाली जाऊन उभं राहिलं तर शेवटच्या क्षणी शरीर पिळावं लागतं, आणि पिळताना कूस जाते.

१९ जून २०११, कॅन्सस सिटी रॉयल्सविरुद्ध : सेकंड बेसकडून आलेली फेक होमच्या बाजूला भरकटली. पुहोल्स ती घ्यायला धावणाऱ्याच्या वाटेत ओढला गेला, धावणारा त्याच्या पसरलेल्या डाव्या हातावर आदळला. मनगटाजवळचं हाड तडकलं. चार ते सहा आठवडे सांगितले होते, जुलैच्या पहिल्या आठवड्यात हा परत मैदानात. ही फेक प्रत्येक फर्स्ट बेसमनचं दुःस्वप्न असते. चेंडू आणि धावणारा एकाच दिशेने, एकाच वेळी येतात, आणि हात सगळ्यात आधी पुढे असतो. उपाय एकच : हात एकटा न टाकता दोन्ही पायांनी रेषेच्या आत सरकायचं. तेवढा वेळ मात्र दर वेळी मिळत नाही.

त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला टेक्सासविरुद्ध वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात ३ होमरन, ५ हिट, ६ आरबीआय. वर्ल्ड सिरीजच्या एका सामन्यात ३ होमरन त्याआधी फक्त बेब रूथ आणि रेजी जॅक्सन यांचे.

---

रानजाई

आणि मग एंजल्स संघ. डिसेंबर २०११ मध्ये १० वर्षांचा, २४ कोटी डॉलर्सचा करार. वय जवळपास ३२.

हात शेवटपर्यंत चांगले राहिले, पाय गेले. जुलै २०१३ मध्ये डाव्या तळव्याचा पडदा (टाचेपासून बोटांपर्यंत जाणारी जाड पट्टी) फाटला, हंगाम ९९ सामन्यांवर संपला. मग २०१५ आणि २०१६ या दोन्ही हंगामांनंतर उजव्या तळव्यावर शस्त्रक्रिया. ऑगस्ट २०१८ मध्ये गुडघा.

आता वरचा चौकोनी_चेंडूंचा प्रतिसाद परत वाचा. उजव्या हाताच्या फर्स्ट बेसमनचा कुठला पाय बेसला? उजवा. कसा? चवडा दाबून, बोटं मागे वाकवून, बाकी शरीर पुढे ताणून. बोटं मागे वाकली की तळव्याची पट्टी दोरीसारखी ताणली जाते, शरीररचनाच तशी आहे. उजव्या हाताच्या फलंदाजाचा मागचा, जोर देणारा पायही उजवाच. दुखणं यामुळेच झालं असा दावा नाही माझा, त्याला वजन आहे, वय आहे, कठीण माती आहे. पण ज्या पायावर त्याचं घर उभं होतं, नेमका त्याच पायावर दोनदा सुरी चालली.

अमेरिकन लीगमध्ये डीएच असतो, म्हणजे फक्त फलंदाजी करणारा खेळाडू. तळवा दुखला की तिकडे बसवायचं, अशी सोय. पण २०१८ ला शोहेई ओहतानी आला. पिचिंग नसेल तेव्हा डीएचची जागा त्याची. मग ३८ वर्षांच्या पुहोल्सला पुन्हा मिट घालून फर्स्ट बेसवर जास्त उभं राहावं लागलं. गुडघा त्याच वर्षी गेला.

---

डेटा_दादा

पाय गेल्याचा हिशोब बॅटमध्येही दिसतो. ग्राउंडरवर दोन बाद होण्याचा (डबल प्ले) कारकिर्दीतला विक्रम पुहोल्सच्या नावावर आहे : ४२६. त्याआधी कॅल रिपकेनचा ३५०. कारणं जुळून आलेली : चेंडू जोरात मारतो, त्यामुळे तो फील्डरकडे लवकर पोहोचतो. उजव्या हाताचा, त्यामुळे होमपासून फर्स्टला एक-दीड पाऊल लांब. बॅटला चेंडू लागतोच, २२ हंगामांत एकदाही १०० वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) नाही (२००६ मध्ये ४९ होमरन आणि फक्त ५० स्ट्राइकआउट!). आणि पुढे पाय नाहीत. हाच माणूस २००५ आणि २००९ मध्ये प्रत्येकी १६ बेस चोरत (फटक्याविना धावून पुढचा बेस गाठत) होता, हे विसरू नका. तेव्हा तो वेगवान नव्हता, पण पिचरची लय वाचून निघायचा.

'अडगळीची खोली' याला आकड्यांतही आधार आहे. खेळाडूचं मूल्य काढताना जागेनुसार धावा मिळवतात-वजा करतात. फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या पद्धतीत पूर्ण हंगामासाठी शॉर्टस्टॉपला अधिक ७.५, फर्स्ट बेसला उणे १२.५, डीएचला उणे १७.५. म्हणजे फर्स्ट बेसमन दर वर्षी शॉर्टस्टॉपपेक्षा २० धावा मागून सुरुवात करतो. त्याने बॅटने तेवढं भरून काढलं नाही तर संघाच्या दृष्टीने तो महाग पडतो. म्हणूनच तिशी ओलांडलेल्या फर्स्ट बेसमनला दहा वर्षांचा करार देताना अंगावर काटा यायला हवा.

---

मधल्या_फळीतला

पाय गेल्याचं आधी फर्स्ट बेसवर कळतं, याचं जुनं उदाहरण गेरिगचं. १ जून १९२५ पासून ३० एप्रिल १९३९ पर्यंत सलग २,१३० सामने. शेवटच्या सामन्यात पिचर जॉनी मर्फीने साधा ग्राउंडर उचलला आणि गेरिग बेसवर पोहोचेपर्यंत त्याला थांबावं लागलं. बाद झाला, पण सहकाऱ्यांनी एवढ्या साध्या कामाबद्दल गेरिगची पाठ थोपटली. त्यावरून तो समजला. २ मे रोजी डेट्रॉइटला त्याने स्वतःहून नाव काढून घेतलं, जागी बेब डालग्रेन आला. जूनमध्ये एएलएसचं (स्नायू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार) निदान झालं.

वर लिहिलेला क्रम आठवा : पहिली गोष्ट बेस गाठणं. बाकी सगळं त्यानंतर.

---

पेठेतला_प्रेक्षक

मग २०२२ चं काय? ४२ व्या वर्षी २४ होमरन, पाय परत उगवले का?

---

तिसरा_पंच

नाही, गरजच कमी केली. मे २०२१ मध्ये एंजल्सने सोडलं. फर्स्ट बेसला जॅरेड वॉल्श, डीएचला ओहतानी, पुहोल्सला जागाच उरली नव्हती. डॉजर्स संघाने घेतलं आणि बहुतेक डावखुऱ्या पिचरांसमोर वापरलं. २०२२ पासून नॅशनल लीगमध्येही डीएच आला. हा नियम आला नसता तर कार्डिनल्सना तो परत घेता आला असता का, शंकाच आहे. फर्स्ट बेसला त्यांच्याकडे पॉल गोल्डश्मिट होता, त्या वर्षीचा एमव्हीपी. त्यामुळे पुहोल्सने डावखुऱ्यांसमोर डीएच म्हणून खेळायचं, मधूनच फर्स्ट बेस.

डावखुऱ्या पिचरचा चेंडू उजव्या फलंदाजाच्या अंगाकडे येतो, हातातून सुटताना लवकर दिसतो. म्हातारा झालेला डोळा आणि थोडी मंद झालेली बॅट यांना तेवढी सवलत पुरते. २३ सप्टेंबरला डॉजर स्टेडियममध्ये एकाच सामन्यात ६९९ आणि ७०० : पहिला डावखुऱ्या अँड्र्यू हीनीवर, दुसरा उजव्या हाताच्या फिल बिकफर्डवर. शेवटचा ७०३ वा ३ ऑक्टोबरला पिट्सबर्गला. ३,३८४ हिट, २,२१८ आरबीआय, सरासरी .२९६.

ती सरासरी .३०० च्या खाली गेली ती एंजल्सच्या वर्षांत. काही जणांना ते खटकतं. मला नाही.

---

गुळपोळी

शेवटचा प्रश्न. आपल्याकडे शाळांमधून मुलं-मुली सॉफ्टबॉल खेळतात, तिथे यातलं काय चालेल?

---

चौकोनी_चेंडू

जवळजवळ सगळं, मापं बदलून. बेसमधलं अंतर ९० ऐवजी ६० फूट, म्हणजे धावणारा फारच लवकर येतो. त्यामुळे बेस गाठण्याची घाई दुप्पट, आणि उभं राहायची जागा बेसच्या मागे नाही तर पुढे, बंटसाठी. चेंडूचा घेर १२ इंच, त्यामुळे बेसबॉलची लहान खोलीची मिट नको, सॉफ्टबॉलसाठीची १२.५ ते १३ इंची बघा.

सॉफ्टबॉलमध्ये फर्स्टला दुहेरी बेस असतो. पांढरा भाग मैदानात, नारिंगी भाग फाउल रेषेबाहेर. बाद करायची संधी असताना फर्स्ट बेसमनचा पाय पांढऱ्यावर, धावणाऱ्याचा नारिंगीवर. २०११ ला पुहोल्सचं मनगट जिथे तडकलं, तशी धडक टाळायलाच ही व्यवस्था. पण शाळेच्या मैदानावर बऱ्याचदा एकच बेस किंवा नुसती चुन्याची खूण असते. तसं असेल तर सरावाच्या पहिल्या दिवशी मुलांना दोनच गोष्टी शिकवा : पाय कडेला, माथ्यावर नाही. आणि फेक धावणाऱ्याच्या वाटेत आली तर बेस सोडा. मिट नंतर घेतली तरी चालेल, पहिले काही दिवस टेनिस बॉल आणि रिकामा हात. टेनिस बॉलची हाफ व्हॉली उघड्या हाताने सलग वीस वेळा उचलता आली की मग चामडं.

---

चामडी_वादी

+१. आणि मुलगा किंवा मुलगी डावखुरी असेल तर उजव्या हाताने फेकणाऱ्यांची मिट घेऊन देऊ नका. डावखुऱ्यांची मिट उजव्या हातात बसते, दुकानात बहुधा मागवावी लागते. दोन आठवडे जास्त लागले तरी तीच मागवा.